चावी आत, आपण बाहेर

प्रश्न: दादा, चावी सीटवर टाकून सामान काढायला उतरले आणि गाडी लॉक होऊन बसली. नेटवर नंबर शोधून चावीवाल्याला फोन लावला, फोनवर त्याने अगदी कमी पैसे सांगितले, पण आल्यावर जरा इकडेतिकडे बघून म्हणाला हे लॉक असं नाही उघडायचं, ड्रिल मारावं लागेल. मी घाबरून हो म्हटलं. तिप्पट पैसे गेले, वर नवीन लॉक, आणि आता दाराला एक चावी नि गाडी चालू करायला दुसरी! मला गंडवलं का?

उत्तर: ताई, स्पष्टच सांगतो, बहुतेक गंडवलंच. चावी आत राहिली म्हणून ड्रिल मारायची वेळ क्वचितच येते, कारण नुसतं दार उघडायचं तर बऱ्याच गाड्यांत लॉकला हातही लावावा लागत नाही. दाराच्या वरच्या कोपऱ्यातल्या फटीत प्लास्टिकची पाचर सरकवतात, मग चपटी रबरी पिशवी घालून छोट्या पंपाने हवा भरतात, बोटभर फट झाली की लांब सळई आत घालून अनलॉकचं बटण दाबायचं किंवा आतलं हँडल ओढायचं, झालं. काही गाड्यांना डेडलॉक असतं, तिथे आतलं हँडल ओढून उपयोग नाही, मग चावीच्या भोकातून पिक (लॉक फिरवायचं बारीक हत्यार) घालून उघडतात, पण तेही ड्रिलशिवाय. हवा मात्र हळूहळूच भरू द्या, घाई केली की चौकट वाकते आणि मग हायवेला वाऱ्याची शिट्टी नि पावसात पाणी आत. आणि काचेच्या रबरातून लोखंडी पट्टी खाली सारणारा दिसला तर नवीन गाडीला हात लावू देऊ नका, दारात वायरिंग असतं, कधी एअरबॅगचा सेन्सरपण.

फोनवरच विचारायचं, येण्याजाण्यासकट एकूण किती आणि ड्रिल न करता उघडणार का, नि उत्तर मेसेजवर मागायचं. आल्यावर आकडा बदलला तर काम सुरू व्हायच्या आत नको म्हणून सांगा, तेवढा हक्क आहे तुमचा. गाडी तुमचीच आहे का हे त्यानेही विचारायला हवं, कागद आत असतील तर उघडल्यावर बघेल, पण काहीच न विचारता हत्यारं काढणारा माणूस मला तरी नको. आणि फोन लावायच्या आधी चारही दारं नि डिकी ओढून बघा, गाडीचं अॅप असेल तर त्यातून अनलॉक होतंय का बघा, इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स आहे का तेही (हे कोणी बघतच नाही).

दोन चाव्यांचं म्हणाल तर नव्या लॉकच्या आतल्या छोट्या पट्ट्या जुन्या चावीप्रमाणे बदलून बऱ्याचदा एकच चावी चालवता येते, चांगल्या कारागिराला दाखवा.

हे सगळं गाडी रिकामी असेल तरच हां. आत लहान मूल असेल आणि ऊन असेल तर चावीवाल्याची वाट बघायची नाही, पहिल्या १० मिनिटांतच आतलं तापमान १० अंशांच्या आसपास चढू शकतं. इमर्जन्सी नंबर फिरवा, आणि मदत लगेच पोचत नसेल तर मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यावर मारून फोडा. पुढच्या काचेच्या नादी लागू नका, ती तडकते पण सहजी निघत नाही.

प्रश्न: स्मार्ट कीचा सेल गेलाय, चावी हातात असून गाडी उघडत नाही. आता?

उत्तर: चावीच्या कडेला एक छोटी खिट्टी असते, ती दाबली की बहुतेक चाव्यांतून साधं पातं बाहेर येतं. भोक दिसत नसेल तर ड्रायव्हरच्या हँडलवरचं छोटं झाकण काढून बघा. त्याने उघडल्यावर अलार्म बोंबलला तर घाबरू नका. चावी स्टार्ट बटणाला टेकवून, काही गाड्यांत कपहोल्डरच्या ठरलेल्या खाचेत ठेवून, बटण दाबा, आतली चिप सेलशिवायही ओळखली जाते. सेल बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो, पण जुना काढून नंबर वाचूनच घ्या.