श्रद्धेच्या बळावर लढणारे वीर: आधी एवढं ठरव

श्रद्धेतून ताकद मिळवून असुरांशी लढणाऱ्या वीरांची कथा लिहायची तुझी कल्पना दमदार आहे, सोडू नकोस. फक्त कथेतल्या जगाचा नकाशा आणि राजघराण्यांची वंशावळ तूर्त बाजूला ठेव. पहिल्या प्रकरणात त्यातलं काही लागत नाही. आधी हे पक्कं कर:

१. श्रद्धा कोणाची चालते? वीराची, की त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्या गावाची? गावाची असेल तर मजा आहे. मग असुराला लढायची गरजच नाही, पारावर एक अफवा सोडली की काम झालं.

२. ताकद कशाने आटते? नवस बोलला आणि फेडला नाही, तर?

३. असुराला हवंय काय? ‘जगाचा नाश’ हे आळशी उत्तर आहे.

तिसऱ्यासाठी जेजुरीकडे बघ. मणी आणि मल्ल हे वर मिळवून माजलेले दैत्य. खंडोबाने त्यांना मारलं, तो विजय चंपाषष्ठीचा. पण मरताना मणी शरण गेला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि त्याच्याजवळ जागा मागून घेतली. आज गडावर त्या दैत्याचीही मूर्ती आहे, भंडारा उधळणारे भाविक तिलाही हात जोडतात! असा शत्रू लिहायला मिळाला तर अजून काय हवं?

नवखे हमखास चुकतात ते इथे: चमत्कार रोज सगळ्यांना दिसतात, तरी कथेत नास्तिक हिंडत असतात. दिसतंय तर शंका कशाची? एक तर चमत्कार दुर्मिळ कर, नाहीतर शंका देवाच्या हेतूवर घे.

आता एक गाव, एक वीर, एक असुर घे आणि दोन पानांचा प्रसंग लिहून दाखव. देवांची उतरंड, पंचांग वगैरे नंतर बघू.