पहिली-तिसरीतल्या मुलांचा घरी अभ्यास कसा घ्यावा? संस्कार वर्ग लावावा का?

ताई, तुमच्या प्रश्नातल्या मुख्य गोष्टी अशा: तुम्ही नुकत्याच साताऱ्यात राहायला आलात, मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत, तुम्ही दोघंही नोकरीला आणि घरी सासूबाई. संध्याकाळी दमून घरी आल्यावर मुलांचा काय अभ्यास घ्यायचा, वर्कशीटचे संच विकत आणायचे का, शेजारची मुलं जातात त्या संस्कार वर्गाला घालायचं का, असं तुम्ही विचारलंय. मुलाला घरातलं काम सांगितलेलं सासूबाईंना चालत नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

मी कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते चौथीच्या पोरांमध्येच माझी नोकरी गेली. माझं मत सरळ सांगते. वर्कशीट आणू नका. त्याऐवजी दोघांना घरातलं एकेक खरं काम द्या. खरं म्हणजे, ते केलं नाही तर घरात कुणाचं तरी अडेल असं. गणित, भाषा, परिसर अभ्यास त्या कामात येतो आणि ज्याला आपण संस्कार म्हणतो तोही तिथंच लागतो.

वर्कशीटचं आधी संपवते. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास द्यावा, असं म्हटलंय. दिवसाला नाही, आठवड्याला. पहिलीतल्या मुलाला संध्याकाळी तासभर बसवून आकडे गिरवून घेतले, तर अक्षर सुधारण्याच्या आधी वहीचा कंटाळा येतो. मग शाळेत आम्ही वही काढा म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो.

आता कामाचं. तुमच्या घरात सासूबाई आहेत ही मोठी जमेची बाजू आहे, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करा असं मला वाटतं. त्यांच्याकडं जुनी धान्याची मापं असतील. नसली तर गावाकडून मागवा, अजून पुष्कळ घरांत आहेत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. चिपट्याच्या खाली कोळवं आणि निळवं, तेही निम्म्या-निम्म्याचंच. तिसरीच्या गणितात पाव, अर्धा, पाऊण आहे. वर्गात आम्ही कागदाच्या घड्या घालून ते शिकवतो. पण तांदळात हात घालून एका शेरात चार चिपटी बसतात हे मुलीनं स्वतः भरून पाहिलं, की शेराचा पाव म्हणजे चिपटं आणि तीन चिपटी म्हणजे पाऊण शेर हे तिला पुन्हा सांगावं लागत नाही. मग तिला विचारा, पायलीत चिपटी किती? आधी अंदाज करायला लावा, मग भरून मोजू द्या. सोळा येतील. अंदाज चुकला तर हसू नका, पुढच्या वेळी ती आपोआप जवळ येते. पहिलीतल्या मुलाला पाव-पाऊण नको, त्यानं नुसतं मोजावं: या भांड्यात किती वाट्या मावल्या, त्यात किती, जास्त कशात.

मापाबरोबर आजीला एक गोष्ट जरूर शिकवायला सांगा. घरात शिजवायला घ्यायचं माप हातानं सपाट करायचं, आणि दुसऱ्याला द्यायचं माप शीग लावून, म्हणजे वर ढीग येईल असं भरून, द्यायचं. माझ्या आजोळी असंच चालायचं, आणि बहुतेक घरांत चालत असणार. मुलीच्या हातून एकदा शेजारच्या काकूंना शीग लावलेलं मापटं जाऊ द्या. उदारपणावर मुलांना काही सांगायचं असेल तर मला याहून चांगला मार्ग माहीत नाही.

मुलाला काम सांगण्याबद्दल. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनाच नातवाला शिकवायला सांगा. "आई, याला शेंगा फोडायला तुम्हीच शिकवा, माझं ऐकत नाही," एवढं म्हणून बघा. आजीच्या शेजारी बसून शेंगा फोडणारा, मेथी निवडणारा, लसूण सोलणारा नातू आजीला आवडतोच. बोटांना वळण लागतं आणि त्याच बोटांनी पुढं पेन्सिल धरायची असते. ताट उचलून ठेवणं, पाण्याचे तांबे भरणं, अंथरुणाच्या घड्या ही कामं मात्र दोघांनाही सारखी वाटून द्या. या आठवड्यात एकाकडं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडं. मुलीनं भाकरी शिकायची आणि मुलानं मॅच बघायची, अशी वाटणी सहाव्या वर्षी झाली की पुढं ती मोडायला फार जड जाते, हे मी वर्गात बघते. केर काढायचा म्हटलं की काही मुलगे मुलींकडं बोट दाखवतात.

या कामांचे पैसे किंवा चॉकलेट देऊ नका. आपल्या घरचं ताट उचलल्याबद्दल बक्षीस मिळायला लागलं, की उद्या बक्षीस नसेल तर ताट तसंच पडतं. "तू पाणी भरलंस म्हणून मला चहा लवकर टाकता आला," एवढं सांगितलं तरी मुलाला पुरतं.

तुम्ही साताऱ्यात आहात म्हणून हेही लिहिते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाकपाण्याची कामं आपली आपण करायची आणि एकत्र जेवायची. सगळे समान आहेत हे त्या काळात भाषणातून पटवणं किती अवघड होतं! एका चुलीवर भाकरी करून एका पंगतीत खाल्ल्यावर ते मुलांना पटलं. 'कमवा आणि शिका' हे सूत्र आपल्या जिल्ह्यात असं कामातून उभं राहिलंय. मुलांना एकदा त्या वसतिगृहापाशी घेऊन जा आणि ही हकीकत सांगा.

पावसाळ्यात करायचा एक उद्योग मला फार आवडतो, त्यामुळं तो जरा सविस्तर सांगते. सरळ भिंतीची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. खांद्यापाशी कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाशी थोडे खडे टाका म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही. तळ वाकडातिकडा असतो, म्हणून जिथून भिंत सरळ सुरू होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची खूण करा. बाहेरून पट्टी चिकटवा. गच्चीवर, भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेवा. झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला मुलीनं मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे आणि पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणायचं. हवामान खात्याची नोंदीची वेळही तीच आहे, हे सांगितलं की मुलं घड्याळाकडं बघत बसतात. शाळेची वेळ आड येत असेल तर दुसरी वेळ ठरवा, पण मग रोज तीच ठेवा.

चौकटीच्या वहीत तिला रोजचा एक स्तंभ रंगवू द्या. सोबत पेपरात येणारा महाबळेश्वरचा पाऊस आणि कोयनेचा साठाही लिहायला सांगा. कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. काल किती होतं, आज किती, किती वाढलं, भरायला अजून किती हवं, ही तिसरीतली बेरीज-वजाबाकीच आहे. पूर्णांकात घ्या, दशांश सोडून द्या. ही वजाबाकी ती कुणी न सांगता करते, कारण धरण भरणार की नाही याची घरातल्या मोठ्यांनाही उत्सुकता असते. मग एक दिवस नकाशा काढा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणदेशात पाचशेच्या आसपास. तिला विचारा, मग माणदेशातल्या दहिवडीच्या मुलांच्या घरी पाणी कसं वापरत असतील? उत्तर तुम्ही देऊ नका, तिलाच विचार करू द्या. दुसऱ्या दिवशी दात घासताना नळ कोण बंद करतंय ते बघा.

एक नियम मात्र कडक ठेवा. ज्या दिवशी मोजायचं राहिलं, त्या दिवसाचा रकाना कोरा सोडायचा. अंदाजानं आकडा टाकायचा नाही, आणि कोऱ्या रकान्यासाठी रागवायचंही नाही. जे बघितलं तेवढंच लिहायचं, ही सवय प्राथमिक शाळेत लागली तर मला त्या मुलाची पुढची काळजी वाटत नाही.

बाजाराचंही असंच. मुलीला पन्नासची नोट द्या, कोथिंबीर, आलं, लिंबं आणायला सांगा. तुम्ही चार पावलं मागं उभ्या राहा, मधे बोलू नका. उरलेले पैसे तिनं मोजायचे. कधी भाजीवाल्या मावशींकडून पाच-दहा रुपये जास्त परत आले आणि ते घरी आल्यावर कळलं, तर पुन्हा चप्पल घाला आणि तिला घेऊन परत जा. दमला असाल, तरी जा. मावशींना "अहो, जाहो" म्हणून बोला, घासाघीस करताना आवाज चढवू नका. मूल तुमच्या शेजारी उभं असतं आणि कुणाशी कसं बोलायचं ते तुमच्याकडूनच घेतं.

वाचनाला रोज रात्री पंधरा मिनिटं द्या. तुम्ही मोठ्यानं वाचायचं, मुलांनी ऐकायचं. आठवड्यातले निम्मे दिवस त्यांच्या बाबांनी वाचावं, नाहीतर वाचन हेही आईचंच काम आहे असं पोरं धरून चालतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव झालंय. तिथल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही बसून वाचावं. सुट्टीत स्ट्रॉबेरी खायला सगळेच जातात, तुम्ही तिथं अर्धा दिवस थांबा. कासच्या फुलांच्या पठारावर गेलात तर फुलं तोडायची नाहीत, मळलेल्या वाटेवरूनच चालायचं, हे घरातून निघतानाच ठरवा. तिथली टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. पुढच्या दोन बहरांच्या वेळी तू किती वर्षांची असशील, हे मुलीला काढू द्या.

लिहिण्यासाठी पोस्टकार्ड आणा. दर पंधरा दिवसांनी आजोळी एक पत्र. जागा थोडी असल्यानं मुलांना धास्ती वाटत नाही, आणि उत्तर आलं की पुढचं पत्र सांगावं लागत नाही. चुका लाल पेनानं दुरुस्त करून पाठवू नका, आहे तसं जाऊ द्या.

संस्कार वर्गाबद्दल. श्लोक, गाणी, गोष्टी पाठ होत असतील आणि मुलं आनंदानं जात असतील तर खुशाल घाला. पाठांतरानं जीभ वळते, उच्चार सुधारतात. फक्त घरचं काम, वाचन आणि खेळ यातला वेळ त्यासाठी कापू नका. मैदानावर तासभर खेळणं मी कुठल्याही वर्गाच्या आधी धरीन. मोबाईलचं एवढंच म्हणेन, की जेवताना घरात कुणाच्याच हातात नको.

शेवटी तुमच्या धाकट्याबद्दल. त्याला अजून अक्षरं ओळखता येत नाहीत म्हणून तुम्ही घाबरलात. केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत अभियानात समजून वाचणं आणि पायाभूत गणित यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा अवधी धरलाय. तेव्हा पहिलीत अडखळणं यात वावगं काही नाही, त्यातून गाव आणि शाळा दोन्ही बदललेलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याच्याकडून चिठ्ठ्या लावून घ्या: मध, रवा, मका, डाळ, गूळ, मीठ. आजीनं "रवा आण" म्हटलं की त्यानं वाचून डबा आणायचा. ताटात पीठ पसरून बोटानं अक्षर काढू द्या.

दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर वर्गशिक्षकांना भेटा, आणि त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं नीट दिसत नाही हे पहिलीतलं मूल आपणहून सांगत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटत असतं. घरी टीव्हीच्या फार जवळ बसतो का, पुस्तक नाकाशी धरतो का, मागून हाक मारली तर वळतो का, एवढं या आठवड्यात बघून ठेवा.