सही झाली म्हणजे शेअर नावावर झाला का?

प्रश्न वेगवेगळ्या गावांचे, गोंधळ एकच: पैसे दिले, सही घेतली, शेअर आपला. कंपनीच्या सभासद नोंदवहीत नाव चढेपर्यंत कंपनी तुम्हाला ओळखत नाही. एवढं धरून पुढची उत्तरं वाचावीत.

आजोबांनी अमळनेरच्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचे, म्हणजे आताच्या विप्रोचे, शेअर घेतले होते. सर्टिफिकेट सापडलं, नाव अजून आजोबांचंच. एक एजंट चौथा हिस्सा मागतोय. द्यावा का? (अमळनेर)

नाही. मृत व्यक्तीचे शेअर वारसाच्या नावावर होणं याला ट्रान्समिशन म्हणतात. एप्रिल 2019 पासून लिस्टेड कंपनीच्या कागदी शेअरची ट्रान्सफर बंद झाली, ट्रान्समिशन नाही. ‘कागदी शेअर आता रद्दी’ हे एसटी स्टँडवरचं ज्ञान आहे. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, गेलेले असू शकतात. ते परत मागायचा आयईपीएफ-5 हा फॉर्म भरायला फी नाही. एजंट भाव सांगतो तो तुमच्या अज्ञानाचा. आधी सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर घालून कंपनीच्या आरटीएला, म्हणजे शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला, पत्र टाका. कागदी शेअरची किंमत एका कंपनीत 5 लाखांच्या आत असेल तर कागदपत्रं सोपी असतात. विप्रोचे जुने शेअर बोनसने वाढत गेलेले, त्यामुळे तुमचं प्रकरण त्या आत बसणं कठीण. मृत्युपत्र असो वा नसो, वकिलाला दाखवा. आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. माझ्याकडे एका काकांनी गणपतीच्या फोटोसारखं चकचकीत करून आणलं होतं.

वडिलांनी नॉमिनी मला केलं होतं. आता बहिणींचा संबंध संपला ना? (धुळे)

संपला नाही. नॉमिनी हा मालक नव्हे, वारसाहक्क नॉमिनेशनने बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. शेअर विकण्याआधी बहिणींशी बोला, मग वकिलाशी.

सहकारी साखर कारखान्याचा शेअर मुलाच्या नावे करायचा आहे. कंपनी कायद्याचा कुठला फॉर्म? (शहादा)

कुठलाच नाही. तो कंपनीचा शेअर नाही. तिथे 1960 चा सहकारी संस्था कायदा चालतो. कारखान्याच्या शेअर विभागात जा.

आमच्या केळी उत्पादक कंपनीतले माझे शेअर गावातला व्यापारी जास्त भावाने घेतोय. विकू का? (रावेर)

शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर असे बाजारात जात नाहीत. संचालक मंडळाची आधी मंजुरी घ्यायची, सक्रिय सभासदालाच द्यायचे, आणि तेही दर्शनी किमतीला. व्यापाऱ्याकडून विसार घेतला असेल तर आजच परत करा.

आमची घरचीच प्रायव्हेट कंपनी, चटईचा कारखाना. चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी शेअर मला विकले, एसएच-4 या ट्रान्सफर फॉर्मवर सही करून दिली. तारीख कोरी आहे. संचालक काका म्हणतात, ‘दिवाळीनंतर बघू.’ फॉर्म कपाटात सुरक्षित आहे. (जळगाव एमआयडीसी)

कपाटात काहीही सुरक्षित नसतं. दर महिन्याला असा एक फॉर्म माझ्या टेबलावर येतो: सही आहे, तारीख नाही, घडीवर कागद फाटलेला. फॉर्मवर सह्या झाल्यापासून 60 दिवसांत तो सर्टिफिकेटसह कंपनीकडे पोचायला हवा. तुमची मुदत कधीच गेली. ‘कोरी आहे ना, आजची टाकू’ हा सल्ला देणारा शेजारी उद्या साक्षीला येणार नाही. चुलतभाऊ फिरला किंवा, देव न करो, गेला, तर तीच तारीख तुमच्यावर बनावटपणाचा आरोप घेऊन उभी राहील. नवा फॉर्म करा, दोघांच्या सह्या आणि खरी तारीख घाला.

मग तो काकांच्या हातात चहाबरोबर देऊ नका. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा किंवा पोचेचा शिक्का घ्या. त्या दिवसापासून घड्याळ सुरू. नोंद करायची नसेल तर 30 दिवसांत कारणांसह कळवणं कंपनीला बंधनकारक आहे. नकाराचं पत्र आलं तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत, काहीच आलं नाही तर फॉर्म दिल्यापासून 60 दिवसांत, मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणात, अपील. ‘दिवाळीनंतर बघू’ हा निर्णय नाही, पण तुमची मुदत मात्र त्यातच जळते. मुदत गेल्यावर दुसरे मार्ग शोधता येतात, फक्त तिथे आधी उशिराचा हिशेब द्यावा लागतो.

काका ‘बाहेरच्याला शेअर द्यायचे नाहीत, असं घरात ठरलंय’ म्हणतील. ते कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे नोंदलेल्या नियमावलीत, आहे का, ते बघा. आर्टिकल्सबाहेरचं बंधन कंपनीला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय. शिवाय कायद्याच्या व्याख्येतल्या छोट्या कंपन्या वगळता प्रायव्हेट कंपन्यांनाही आता डीमॅट, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवणं, लागू आहे. तुमची कंपनी त्यात येत असेल तर कागदी फॉर्मचा उपयोगच नाही. म्हणून सही घेण्याआधी सीएसला, म्हणजे कंपनी सेक्रेटरीला, गाठा, नंतर नाही.

100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर शेअर विकल्याचं लिहून घेतलं. चालेल? (चाळीसगाव)

तो करार झाला, ट्रान्सफर नाही. ट्रान्सफरची स्टॅम्प ड्युटी जुलै 2020 पासून किमतीच्या 0.015 टक्के, म्हणजे लाखाला 15 रुपये. फॉर्म सीएसकडूनच भरून घ्या.