गृहमंत्री : यातलं 'गृह' कोणतं?

एका वाचकाने विचारलं आहे : घरांचं काम गृहनिर्माण खात्याकडे असतं, मग पोलीस सांभाळणारा मंत्री 'गृहमंत्री' कसा? आणि परदेशातल्या अशा मंत्र्यालाही हाच शब्द लावावा का?

हे गृह चार भिंतींचं नाही. गृहमंत्री हा शब्द इंग्रजी 'होम'वरून बेतलेला आहे आणि तिथे 'होम'च्या विरुद्ध 'फॉरेन' उभं असतं. ब्रिटनमध्ये १७८२पर्यंत उत्तर आणि दक्षिण अशा दोन विभागांचे दोन सचिव असत. त्या वर्षी वाटणी बदलली. एकाकडे देशातला कारभार गेला, दुसऱ्याकडे परदेशांशी व्यवहार. तीच पद्धत इंग्रजी अमलाबरोबर इथे आली. १९४६च्या हंगामी सरकारात वल्लभभाई पटेलांकडे गृहखातं आलं आणि १५ डिसेंबर १९५० रोजी निधन होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिलं.

मराठीत मात्र ही जोडी थोडी विजोड झाली. यशवंतराव चव्हाण १९६६ ते १९७० गृहमंत्री होते, पुढे १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री. एकीकडे 'गृह', दुसरीकडे 'परराष्ट्र'. बंगालीने जोडी नीट जुळवली आहे. बांगलादेशात परराष्ट्रमंत्र्याच्या जोडीला 'स्वराष्ट्रमंत्री' असतो. 'स्वराष्ट्र' मराठीत रुळला असता तर हा प्रश्नच उरला नसता, असं मला मनापासून वाटतं.

पाकिस्तानची जोडी तर आपल्या ओळखीची निघते. तिथे गृहमंत्री 'वजीर-ए-दाखिला' आणि परराष्ट्रमंत्री 'वजीर-ए-खारिजा'. दाखिल म्हणजे आतला, खारिज म्हणजे बाहेरचा. आपल्याकडे अर्ज 'दाखल' होतो आणि 'खारीज'ही होतो, ते हेच शब्द! शाळेचा दाखला त्याच घराण्यातला.

आता दुसरा प्रश्न. फ्रान्स, जर्मनी इथल्या पदनामांचा शब्दशः अर्थ 'अंतर्गत मंत्री' असा होतो, पण पोलीस आणि अंतर्गत सुरक्षा हे मुख्य काम त्यांच्याकडेच असल्याने गृहमंत्री म्हटलेलं चालतं. अमेरिकेबाबत जपावं. १८४९मध्ये स्थापन झालेलं तिथलं 'इंटीरियर' खातं सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं आणि मूळ रहिवासी जमातींशी संबंधित कामं पाहतं. एफबीआय न्याय खात्याखाली येते, तर सीमा आणि देशांतर्गत सुरक्षेसाठी २००२च्या कायद्याने वेगळं 'होमलँड सिक्युरिटी' खातं निघालं. म्हणून 'इंटीरियर' खात्याच्या प्रमुखाला बातमीत 'अमेरिकेचे गृहमंत्री' म्हटलं की वाचकाची सरळ दिशाभूल होते. तिथे 'अंतर्गत व्यवहार मंत्री' लिहावं आणि खात्याचं काम एका वाक्यात सांगावं.

लिहिताना 'गृहमंत्री' जोडूनच लिहावा. अनेकवचनी सामान्यरूप 'गृहमंत्र्यांनी', 'गृहमंत्र्यांकडे' असं होतं. 'गृहमंत्रींनी' हे रूप टाळावं.