पहिलं बटण मी बघितलंच नाही

"मॅडम, तिनं पहिल्यांदा स्वतःचं बटण लावलं आणि ते मला पाळणाघरातल्या काकूंकडून कळलं."

एवढं बोलून त्या थांबल्या. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, डोळे भरलेले. नोकरी बँकेत, आणि दिवस मार्चअखेरचे. नवरा चाकणच्या कारखान्यात, त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला. दुपारी दोनला घर सोडायचं ते रात्री साडेबाराला परत. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी झालेलं, डोळ्यात दिवसातून सहा वेळा ड्रॉप घालायचे. आणि या सगळ्यात सव्वाचार वर्षांची लेक. तिला इथं चिऊ म्हणते. आईची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे, कारण हाच प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येऊन बसतो: नोकरीपायी माझ्या लेकराचं सगळं 'पहिलं' हुकतंय, त्याच्या मनावर याचा परिणाम होईल का?

बटणाचं कळल्यावर तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं. त्यांनी रविवारी केक आणला होता, फुगे लावले होते, समोरच्या फ्लॅटमधली मुलं बोलावली होती. मग चिऊला फ्रॉक घालून मधोमध उभं केलं. "लाव ना बाळा बटण, व्हिडिओ काढायचाय." चिऊनं बटण लावलं नाही. पुन्हा सांगितलं, तर रडायला लागली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा फ्रॉक काढून फेकला आणि पलंगाखाली जाऊन बसली. केक मोठ्यांनी खाल्ला.

"इतकं करूनही तिला काहीच वाटत नाही," आई म्हणाल्या.

मला या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं. चिऊला वाटत होतं, पुष्कळ वाटत होतं. फक्त तिचा आनंदाचा क्षण मंगळवारी दुपारी पाळणाघरात येऊन गेला होता आणि रविवारी तिच्याकडून त्याचा प्रयोग मागितला जात होता. जे आपल्याला नुकतंच कसंबसं जमलंय, ते दहा माणसांसमोर, कॅमेऱ्यापुढे, हुकमानुसार करायचं म्हणजे परीक्षाच की.

बटण लावणं ही मुळात साधी गोष्ट नाही. मोठ्यांना ते आठवत नाही, म्हणून सांगते. एका हाताच्या चिमटीत बटण उभं धरायचं, दुसऱ्या हातानं काज ताणायचं, अर्धं बटण आत सरकलं की पहिल्या हातानं सोडायचं आणि दुसऱ्यानं पलीकडून ओढून घ्यायचं. दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काम करतात. गळ्याजवळचं बटण तर दिसतही नाही. साधारण चार ते पाच वर्षांच्या दरम्यान मुलांना काही बटणं लावता यायला लागतात. आणि एकदा जमलं म्हणजे जमलंच असं नसतं; आज जमतं, उद्या अडतं, परवा वरचं बटण खालच्या काजात जातं.

म्हणूनच मी त्यांना जे सांगितलं ते सांत्वन म्हणून सांगितलं नाही. पहिली वेळ हुकली याचं दुःख खरं आहे, पण ते आईचं आहे. मुलीसाठी ती वेळ अजून संपलेली नाही. ती हेच बटण पुढचे दोन महिने 'पहिल्यांदा' लावणार आहे, आणि त्यातल्या कितीतरी वेळा तुम्ही समोर असाल. प्रश्न इतकाच आहे, की त्या वेळी तुम्ही बघत असाल की "चल गं, उशीर होतोय" म्हणत स्वतःच भराभर बटणं लावून मोकळ्या व्हाल?

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सकाळी मीच लावते सगळी. नऊ दहाची बस असते."

एका आठवड्यासाठी आम्ही एवढंच ठरवलं. सकाळी सगळी बटणं आईनं लावायची, सर्वांत खालचं तेवढं चिऊसाठी सोडायचं. ते दिसतंही आणि हातालाही येतं. त्यासाठी आवरायला पाच मिनिटं आधी घ्यायचं. ती लावत असताना तोंडानं काही बोलायचं नाही. लागलं की जे दिसलं ते सांगायचं: "दोनदा निसटलं, तरी तू सोडलं नाहीस." बस्स. हुशार, गुणी, नंबर एक, यातलं काही नको. हुशार म्हटलं की पुढच्या वेळी न जमल्यावर मूल काय समजणार, याचा विचार करा. शिवाय, रात्री उशिरा येणाऱ्या बाबांना कळेल अशी काहीतरी खूण घरात ठेवायची. कोणती, ते त्यांनीच शोधायचं. नवीन काही विकत आणायचं नाही.

त्यांना टिकल्यांचं पाकीट सापडलं. दिवसात चिऊला काही नवं जमलं, की फ्रीजच्या दारावर एक टिकली. रात्री बाबा पाणी प्यायला फ्रीज उघडणार, टिकली बघणार आणि सकाळी चहाला उठल्यावर विचारणार, "ही कशाची गं?" सांगायचं काम चिऊचं.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या तेव्हा निम्मं साधलं होतं, निम्मं बिघडलं होतं.

साधलं ते सोमवारी. तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतताना सांडलं नाही, म्हणून लाल टिकली. चिऊनं ती स्वतः लावली, म्हणजे अगदी खाली, तिच्या उंचीला. रात्री बाबांना दिसलीच नाही. सकाळी तिनं हात धरून नेलं, बाबा फ्रीजसमोर उकिडवे बसले, आणि पाण्याची गोष्ट चार-पाच मिनिटं चालली. एका टिकलीसाठी तो माणूस अर्ध्या झोपेत फरशीवर बसला होता. त्या चार-पाच मिनिटांत चिऊला जे मिळालं, ते रविवारच्या केकनं मिळालं नव्हतं.

बिघडलं ते बुधवारी. ऑडिटमुळे आईला घरी यायला साडेआठ वाजले. चिऊ जेवेना. तोंडातून निघून गेलं, "पटापट जेवलीस तर टिकली." चिऊ जेवली. आणि गुरुवारी सकाळी चप्पल घालायच्या आधीच तिनं विचारलं, "टिकली मिळेल?"

हे घरोघरी होतं, आणि थकलेल्या माणसाकडून होतंच. पण फरक समजून घेण्यासारखा आहे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं चित्रांकडे पूर्वीपेक्षा कमी वळत होती. बाकीच्यांची आवड तशीच राहिली होती. म्हणजे टिकली वाईट नाही, 'तर' वाईट. झालेल्या गोष्टीची खूण राहू द्या, न झालेल्या गोष्टीचं आमिष नको. आईंना हे लगेच पटलं. चिऊच्या डोक्यातून 'मिळेल का' जायला मात्र दहाएक दिवस लागले. तोवर तिनं विचारलं की त्या फक्त म्हणायच्या, "रात्री बघू, आज काय काय झालं ते."

त्याच भेटीत दुसरी एक काळजी हळूच बाहेर आली. नणंदेचा मुलगा याच वयात बुटाची नाडी बांधतो, चिऊला बटणावरच एवढा वेळ का? तुलनेचा हा काटा फार खोल रुतलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच देशांतली निरोगी बाळं होती, भारतातलीही. आधाराशिवाय चालण्याचं वय त्यात साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आढळलं. निरोगी मुलांमध्येच नऊ महिन्यांचं अंतर! काही मुलं तर रांगण्याचा टप्पा गाळूनच उभी राहिली. तेव्हा भाचा आणि लेक यांत दोन-चार महिने इकडेतिकडे होणं काळजीचं नाही. काळजी कधी करायची, तेही सांगते. दीड वर्षानंतरही मूल चालत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट यायची बंद झाली, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चिऊच्या बाबतीत यातलं काहीही नव्हतं.

आता आजी. सुरुवातीला त्यांना हे सगळं थेर वाटत होतं. "आमच्या वेळी कोणी कौतुक केलं? एवढं केलं की पोरं डोक्यावर बसतात, आणि दृष्ट लागते ती वेगळीच." आईंना सासूबाईंचा राग आला होता. मला आला नाही. बारसं, उष्टावण, बोरन्हाण, पडलेला दात उंदराला देणं, हे सगळं आजींच्या पिढीनंच तर हौसेनं केलं आणि आपल्या हाती दिलं. संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळून टाकणाऱ्या बाईनं लेकराकडे दिवसभर नीट पाहिलेलं असतं. मी आईंना एवढंच सुचवलं, की आजींना समजावत बसू नका, चिऊलाच त्यांच्याकडे पाठवा.

त्यानंतरच्या भेटीत ऐकलं ते असं. आजी नुकतेच ड्रॉप घालून डोळे मिटून पडल्या होत्या. चिऊ जवळ जाऊन म्हणाली, "आजी, बघ." आजी म्हणाल्या, "आत्ता नाही गं उघडायचे डोळे." चिऊ हलली नाही. तिनं आजीचं बोट धरलं आणि स्वतःच्या फ्रॉकवर ठेवलं. आजींचं बोट गळ्यापासून खाली उतरत गेलं. एक, दोन, तीन. तिसरं बटण अर्धंच आत होतं. "हे राहिलंय," आजी म्हणाल्या आणि हात बाजूला घेतला. चिऊनं ते आत सारलं. आजींनी पुन्हा चाचपून पाहिलं. "हां. आता लागलं."

त्या रात्री दृष्ट काढली गेली, हे सांगताना आई पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या.

एप्रिलच्या मध्यावर त्यांचा फोन आला. बँकेतली धावपळ ओसरली होती, बाबा फर्स्ट शिफ्टला आले होते. त्या सकाळी फ्रीजच्या दारावर हिरवी टिकली दिसली. नेहमीपेक्षा बरीच वर होती, म्हणजे स्टूल ओढून लावलेली. आईनं विचारलं, "आज काय जमलं तुला?"

"माझी नाहीये," चिऊ म्हणाली. "आजीनं काल स्वतःच्या हातानं ड्रॉप घातले. एकदाच सांडले."