वाचक विचारतात : ठोसा चेंडूवर, मग फ्री किक का?

प्रश्न : धाकटा भाऊ मेलबर्नला शिकतो आणि तिथल्या क्लबात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो. उंच म्हणून त्याला फुल बॅकला, म्हणजे आपल्या गोलसमोरच्या शेवटच्या बचावपटूच्या जागी, उभं करतात. दर सामन्यात त्याच्याविरुद्ध दोन-तीन फ्री किक जातात. तो म्हणतो, मी तर चेंडूलाच मारलं. चुकतं कुठे? (अमळनेरहून एक वाचक)

उत्तर : बहुधा चेंडूआधी त्याची मूठ समोरच्याच्या हाताला लागत असणार. किकने १५ मीटर किंवा जास्त आलेला चेंडू वाटेत कुणाचा स्पर्श न होता झेलला की 'मार्क' मिळतो. मग त्या गड्याला निवांत किक मारता येते आणि गोलजवळ ती म्हणजे जवळपास ६ गुण. म्हणून बचावपटू झेल होण्याआधीच चेंडू मुठीने उडवतो. यालाच स्पॉइल म्हणतात. नवखा खेळाडू हात वरून खाली आणतो, कुऱ्हाड घातल्यासारखा. तसा हात आधी समोरच्याच्या मनगटावर पडतो आणि पंचाची शिट्टी वाजते. मूठ कानाजवळून सरळ पुढे जायला हवी. दुसऱ्या हाताने समोरच्याची जागा जाणवत राहू द्यावी, पण पाठीत ढकलू नये. तीही फ्री किकच.

ठोशाची दिशाही महत्त्वाची. चेंडू मधे पडला तर समोरचा दुसरा फॉरवर्ड (गोल करायला पुढे असणारा गडी) टपूनच असतो, म्हणून तो सीमारेषेकडे मारावा. फारच कोंडी झाली तर आपल्याच खांबांमधून बाहेर घालवता येतो, १ गुण देऊन. पण दबाव नसताना मुद्दाम तसं केलं तर २००९ पासून फ्री किक जाते. एएफएल या तिथल्या मुख्य लीगच्या २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्न संघाने ११ वेळा चेंडू असा घालवला, त्यानंतर हा नियम आला.

भाऊ दिवाळीत गावी आला की व्हॉलीबॉलवाल्या दोघांना सोबत घ्या. रग्बीचा चेंडू चालेल. एकाने वीसेक पावलांवरून उंच फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा, भावाने त्याच्या मागे हातभर अंतरावरून सुरुवात करायची. डावीकडून १०, उजवीकडून १०, असे तीन फेर. उतरताना दोन्ही पाय एकदम टेकावेत, गुडघे वाकलेले. आणि जागा बघून घ्या : आपली काळी माती वाळली की भेगाळते, भेगेत टाच अडकली की गुडघा पिळलाच.

प्रश्न : फुल बॅकची कारकीर्द किती वर्षं चालते? (चोपड्याहून एक वाचक)

उत्तर : गुडघे साथ देतील तितकी. एसेंडन संघाचा डस्टिन फ्लेचर १९९३ ते २०१५ खेळला, ४०० सामने, शेवटचा चाळिशीत. रिचमंडचा ॲलेक्स रान्स पाचदा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा संघ) निवडला गेला. २०१९ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि वर्षअखेरीस त्याने निवृत्ती घेतली. वय वाढलं की वेग उतरतो, पण किक मारणाऱ्याच्या कमरेकडे बघून चेंडू कुठे पडेल हे आधी ओळखणारा बचावपटू दोन पावलं कमी धावूनही वेळेवर पोचतो. तरुणपणीच ही नजर बसवावी.