जुना नकाशा सांभाळायचाय? मग आधी लॅमिनेशनचा विचार सोडा

प्रश्न: घरातल्या जुन्या कागदपत्रांत हाताने रंगवलेला एक नकाशा सापडलाय. चार घड्या आहेत, घड्यांवर चिरा पडायला लागल्यात, आणि हिरवा रंग आहे तिथे मागून कागद तपकिरी झालाय. दुकानदार म्हणतो लॅमिनेशन करा, कायमचं काम होईल. करू का?

उत्तर: नका हो, प्लीज नका करू! गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की ते काढताना कागदाचा आणि रंगाचा थर सोबत निघून येतो. सेलोटेपचंही तेच, त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि टेप गळून पडली तरी डाग राहतोच. पुढे कधी काढता येणार नाही असं काहीही नकाशावर करायचं नाही, माझ्या मते बाकीचं सगळं यानंतर.

तुम्ही लिहिलेल्या तपकिरी रंगाची मला जास्त काळजी वाटतेय. जुन्या नकाशांत हिरव्यासाठी बऱ्याचदा जंगाल वापरायचे, म्हणजे तांब्यापासून केलेला रंग, आणि त्यातलं तांबं हळूहळू कागद खातं. आधी मागून तपकिरी छाप दिसते, मग कागद ठिसूळ होतो आणि शेवटी रंगवलेल्या सीमारेषेवरच तुकडा पडतो. त्यामुळे तिथे वाकवू नका, ओलं फडकं तर अजिबात लावू नका, पाण्याने तांबं आजूबाजूला पसरतं. हा भाग कागद-संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडेच द्या, ते फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावतात, गरज पडली तर ती खळ परत सोडवता येते.

तोपर्यंत घडी सहज उघडत असेल तरच उघडा, कडक झाली असेल तर जोर लावू नका आणि इस्त्री तर नकोच. उघडला की अ‍ॅसिड-फ्री फोल्डरमध्ये सपाट ठेवा, फोल्डर नकाशापेक्षा मोठा हवा म्हणजे कडा दुमडत नाहीत. सतत हाताळायचा असेल तर पॉलिएस्टर फिल्मचं कव्हर चालतं, पीव्हीसीचं नको. लाकडी ड्रॉवरमधून आम्लाची वाफ निघते, म्हणून पावडर-कोटेड स्टीलचा ड्रॉवर बरा. माळा, बाहेरची ओली भिंत, बाथरूमला लागून असलेलं कपाट या जागा टाळा, कारण आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आमंत्रणच. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, ग्लोव्ह्जची गरज नाही, उलट कापडी ग्लोव्ह्ज चिरांत अडकतात.

प्रश्न: माझ्याकडचा नकाशा 1900 च्या आसपासचा आहे, तरी मित्राकडच्या त्याहून कितीतरी जुन्या नकाशापेक्षा जास्त पिवळा कसा?

उत्तर: कागदामुळे. साधारण 1850 पर्यंत कागद चिंध्यांपासून करायचे, तो टिकाऊ असतो. नंतर लाकडाचा लगदा आला आणि तो आतूनच आम्लधर्मी होत जातो. तुमच्या नकाशामागे अल्कलाइन बफर असलेला, म्हणजे आम्ल मारणारा क्षार मिसळलेला कागद ठेवा, फरक पडतो.

प्रश्न: भिंतीवर फ्रेम करून लावला तर?

उत्तर: चांगला स्कॅन काढून त्याची प्रिंट लावा, मूळ नकाशा ड्रॉवरमध्येच राहू दे. यूव्ही काचेने, म्हणजे अतिनील किरण अडवणाऱ्या काचेने, नुकसान कमी होतं पण साध्या उजेडानेही रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. मूळच लावायचा हट्ट असेल तर थोडे महिनेच लावा, खिडकीसमोर नको, उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा, आणि नकाशा काचेला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे कडेने जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच.